चार बोटं खिडकी

सोकोरो बर्रासा मागच्या पडवीला काचा लावून तिची खोली करून घेतेय, हे कळल्यावर गल्लीतल्या बायकांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ॲरिझोनातल्या त्या खाणीच्या गावात मे महिना लागला की लोक खिडक्यांना आतून चंदेरी कागद चिकटवतात. भर दुपारी दिवा लावून बसतील, पण उन्हाचा एक कवडसा घरात येऊ देणार नाहीत. आणि ही बाई उन्हाला पाट मांडून आत बोलावणार!

समोरच्या चेलाने कुंपणावरून विचारलंच, "काय गं सोकोरो, काचेच्या खोलीत काय करणार? तोर्तिया भाजणार?"

"हो तर. गॅस वाचेल," सोकोरो म्हणाली. "तुझ्या सुनेलाही पाठव. तिच्या चुलीवर तर कच्च्याच राहतात."

चेलाने तोंड फिरवलं. तिचा कानेलो नावाचा दालचिनीच्या रंगाचा कुत्रा मात्र कुंपणाखालून सरळ सोकोरोच्या अंगणात आला. त्याला मानापमान नव्हता.

खोली सोकोरोला हौस म्हणून नको होती. हौस तिच्या स्वभावातच नव्हती. खोली हवी होती चानोसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. चानोने सगळी उमेदीची वर्षं तांब्याच्या भट्टीवर काढली आणि भट्टीने त्याची फुफ्फुसं ठेवून घेतली. आता नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, आणि डॉक्टरचा हुकूम की उन्हात आणि धुळीत पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे वर्षातले सहा महिने आतल्या खोलीत. आतल्या खोलीला एक खिडकी, आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. मागच्या उन्हाळ्यात चानो त्या भिंतीकडे बघून बघून मुका झाला. आधी शिव्या द्यायचा थांबला, मग जेवायचा. शिव्या थांबल्या तेव्हाच सोकोरोने ओळखलं होतं, की हे लक्षण बरं नाही.

त्यांची मुलगी ग्रीसेल्दा टूसॉन शहरात असायची. ती आली, बापाकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात आईला कोपऱ्यात घेतलं.

"आई, आता पुरे. माझ्या इमारतीत एक घर रिकामं होतंय. सातवा मजला, लिफ्ट आहे, समोर हॉस्पिटल आहे. सगळीकडे एसी."

"आणि तिथून काय दिसतं?"

"हॉस्पिटल दिसतं, सांगितलं ना."

"वा! म्हणजे भिंतीच्या जागी हॉस्पिटल. मग काय, बाप तुझा नाचायलाच लागेल."

"मग तूच सांग काय करायचं. या कूलरच्या घरात त्यांना अजून एक उन्हाळा काढायला लावणार आहेस?"

तेव्हा सोकोरोने काचेच्या खोलीचं काढलं. बोलताना आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालेलं ती परत घेणारी नव्हती. मायलेकींचं बरंच वाजलं आणि शेवटी ठरलं ते असं: सान हुआनचा सण येतो जूनच्या शेवटाला, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत. त्या दिवशी ग्रीसेल्दा येईल आणि भर दुपारी बापाबरोबर त्या खोलीत जेवायला बसेल. बाप सुखाने बसला, तर म्हातारा-म्हातारी इथेच राहतील. नाही बसला, तर सामान बांधायचं.

"शब्द दिलास हं, आई."

"माझा शब्द तुझ्या लिफ्टसारखा मध्येच अडकत नाही."

खोली बांधायला एफ्राइन आला. बाप्तिस्म्याला सोकोरोनेच त्याला हातावर धरलं होतं, त्यामुळे तो तिला नीना, म्हणजे धर्ममाता, म्हणायचा आणि आता स्वतःचे चार गवंडी हाताखाली असूनही तिच्यापुढे मान खाली घालायचा. त्याने पडवी बघितली, पश्चिमेकडचं मोठं मेस्कीटचं झाड बघितलं.

"नीना, झाड ठेवू. दुपारी चारनंतर तेच वाचवेल. आणि छताला काच नको, पक्कं छप्पर."

"छताला काच लावायला मी काय थंड मुलखातून आलेय? आभाळ बघितलंय मी."

"काचा दुहेरी. आणि घरातला कूलर इकडे चालणार नाही. या खोलीला वेगळा एसी, भिंतीत. मधलं दार लावून घ्यायचं."

"लाव. पण ती कोपऱ्यातली खिडकी उघडणारी कर."

"एसीच्या खोलीत उघडती खिडकी कशाला, नीना?"

"उघडत नाही तिला खिडकी म्हणत नाहीत, भिंत म्हणतात. भिंत आहे आमच्याकडे आतल्या खोलीत."

एफ्राइनने खिडकी उघडणारी केली. सोकोरो रोज खुर्ची टाकून बसायची आणि गवंड्यांच्या हातून एक वीट वाकडी जाऊ द्यायची नाही. ईस्टर उलटला आणि खोली उभी राहिली. पहिल्या दिवशी चानोला यंत्रासकट खुर्चीत बसवलं. त्याने बाहेर बघितलं. मेस्कीटखाली लावे पक्षी एका रांगेत चालले होते, आई पुढे आणि पिल्लं मागे. पलीकडे खाणीची राखाडी टेकडी. मागच्या बोळातून भट्टीवरचा जुना सोबती सायकलवरून चालला होता.

"बघ, बघ," चानो म्हणाला, "गाढव अजून सायकलवरच आहे. चाकात हवा नाही, डोक्यात भरलीय."

सोकोरोने पदार्थ चाखायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि बाहेर येऊन त्याला दटावलं, "शिव्या कमी दे, नळी निघेल."

मे महिना बरा गेला. जून उजाडला आणि खोली तापायला लागली.

सकाळी ठीक असायचं. जेवणवेळ झाली की मात्र एसी नुसता गुरगुरायचा आणि चानोच्या कपाळावर घाम यायचा. तीन वाजले की त्याला पुन्हा आतल्या खोलीत, त्या भिंतीसमोर न्यावं लागायचं. तो काही बोलायचा नाही, आणि तेच वाईट होतं.

सोकोरोने एफ्राइनला बोलावलं. त्याला दिवसभर दुसरीकडे काम, म्हणून तो सकाळीच आला. मशीनपुढे हात धरला, जाळी काढून धुतली, बाहेरचा पंखा बघितला. हवा गार येत होती.

"मशीन ठीक आहे, नीना. खिडकी वगैरे बंद असते ना दुपारी?"

सोकोरोला हे असलं विचारणं सोसणारं नव्हतं. "मला शिकवतोस? तुझी आई चड्डी घालायला शिकवत होती तुला, तेव्हापासून मी हे घर थंड ठेवतेय."

एफ्राइनची नजर कोपऱ्यातल्या खिडकीकडे गेली. झाडाच्या सावलीतून निसटलेलं ऊन तिथून येतं म्हणून सोकोरोने तेवढ्या एका खिडकीला जाड पडदा लावला होता. पडदा सरकवून बघायची काही त्याची छाती झाली नाही. तो गेला.

दुपारी पुन्हा तेच. पुढच्या दिवशीही तेच. सान हुआन जवळ येत चालला आणि ग्रीसेल्दाचा फोन आला की टूसॉनच्या घराचा मालक उत्तर मागतोय. त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात चेलाने गोड आवाजात विचारलं, "कशी आहे गं काचेची खोली?" सोकोरोचा तोल गेला. सगळ्यांदेखत, एफ्राइन दहा पावलांवर उभा असताना, ती म्हणाली, "मी मागितली खोली, माझ्या धर्मपुत्राने दिली भट्टी बांधून! ज्याला मांडीवर धरलं त्याने माझा नवरा भाजायला ठेवलाय."

एफ्राइनचे कान लाल झाले. तो टोपी घालून गाडीकडे गेला. आठवड्याच्या आत कळलं, की वरच्या आळीतल्या एका घराने त्याला सांगितलेलं काम काढून घेतलं.

त्याने मात्र फोन केला. "नीना, सणाच्या आधी मोठं मशीन आणून लावतो. तुम्ही काही देऊ नका."

"बघू," सोकोरो म्हणाली.

सणाच्या दोन दिवस आधीची दुपार. चानो अजून खोलीतच होता, घामाघूम, पण आत जायला तयार नव्हता.

"सोकोरो," तो म्हणाला, "चेलाचा कुत्रा रोज इथेच का झोपतो? झाडाखाली सावली आहे. तिथे न जाता भिंतीला चिकटून पडतो."

"तिच्या घरात कोण झोपेल? हाकलते त्याला."

ती झाडू घेऊन बाहेर आली. अंगणात पाय भाजत होते. कानेलो कोपऱ्यातल्या खिडकीखाली पसरला होता, जीभ आत, डोळे मिटलेले, एखाद्या बड्या साहेबासारखा. सोकोरो वाकली, झाडू उगारला, आणि तिच्या मनगटावर गार वारा आला.

तिने हात वर नेला. वारा खिडकीतून येत होता. खिडकी चार बोटं उघडी होती.

सोकोरो झाडू धरून तशीच उभी राहिली. कुणी उघडली हे विचारायला नको होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती उजाडताच घरभर फिरून प्रत्येक खिडकी चार बोटं उघडायची. कूलरचं घर असंच चालतं. छतावरून गार हवा ढकलायची तर आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर घर ओल्या गोणपाटासारखं कोंदट होतं. गावातली लहान पोरंसुद्धा हे जाणतात. नवी खोली झाल्यावर तिचे हात त्याही खिडकीकडे जायला लागले, पडद्यामागे, न बघता. तिच्या लेखी चार बोटं म्हणजे उघडी नव्हतीच. उघडी म्हणजे हातभर. एफ्राइनने विचारलं तेव्हा ती खोटं बोलली नव्हती. त्यामुळे ते आणखीच झोंबलं.

महिनाभर ती चेलाच्या कुत्र्याला एसी पुरवत होती.

कानेलोने एक डोळा उघडून पाहिलं. "झोप, मेल्या," सोकोरो म्हणाली, आणि आत जाऊन खिडकी लावली. खिटी घातली.

तासाभरात चानोने पांघरूण मागितलं. "काय केलंस गं?"

"काही नाही. मशीनला दोन शब्द सुनावले."

एफ्राइनचा पुन्हा फोन आला. मशीन मिळालं होतं. "नको," ती म्हणाली. त्याला का म्हणून विचारू दिलं नाही. "सणाला जेवायला ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बाकीचं बोलायचं तोंडाशी आलं होतं, पण जीभ वळेना. वाटलं, कशाला? खोली थंड झाली, काम झालं. लोक म्हणतील पोराने येऊन दुरुस्त केलं. त्याचं नाव राहील आणि आपलंही. दोन दिवस ती स्वतःला हेच समजावत राहिली, आणि दोन दिवस चानोच्या शिव्या ऐकताना तिला चर्चच्या अंगणातले ते लाल कान दिसत राहिले.

सान हुआनच्या दिवशी बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. सोकोरोने चीजचं सूप केलं, तोर्तिया केल्या, कलिंगड कापलं. एफ्राइन आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर पाहुण्यासारखा बसला. ग्रीसेल्दा आली ती थेट काचेच्या खोलीत शिरली. मधेच थांबली. दंड चोळले.

"अगंबाई. गार आहे की."

"गार असणारच," चानो म्हणाला. "मी काय शोभेला बसलोय?"

"बाबा, तसं नाही. पण आजचं सोडा, पुढचे तीन महिने आहेत. टूसॉनच्या घराचा विचार तरी..." बोलता बोलता ग्रीसेल्दा कोपऱ्यात गेली. तिने पडद्यामागे हात घातला, खिटी काढली, खिडकी चार बोटं सरकवली आणि बोलतच परत आली. "...कारण हॉस्पिटल समोर आहे, आणि लिफ्ट..."

मेस्कीटखाली पडलेला कानेलो उठला. अंग झाडलं, सावकाश चालत आला आणि खिडकीखाली पसरला.

"आला बघ साहेब," चानो म्हणाला.

सोकोरोने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ग्रीसेल्दा, खिडकी लाव."

"कुठली खिडकी?"

"आत्ता उघडलीस ती."

ग्रीसेल्दाने वळून बघितलं. पडदा हलत होता. तिला खरंच आठवेना. "मी उघडली?"

"तू उघडलीस. या घरात होतीस त्या सतरा वर्षांत सकाळी खिडक्या उघड म्हणून एकदाही सांगायला लागलं नाही तुला, सवय कशी जाईल? आणि तुझ्या आधी महिनाभर मी उघडत होते, रोज. खोली तापायची ती त्याने." ती एफ्राइनकडे वळली. आवाज खाली आणला नाही. खालच्या आवाजात बोलायची तिला सवय नव्हती. "तू विचारलं होतंस. मी तुलाच झापलं, आणि मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर तुझी अब्रू घेतली. चूक माझी होती. येत्या रविवारी तिथेच उभी राहून सांगेन, जेवढ्या मोठ्याने ते बोलले तेवढ्याच मोठ्याने. चेलाला पुढे उभी करून. आता सूप निवतंय."

एफ्राइनने मान खाली घातली. खांदे हलत होते. तो रडतोय की काय असं वाटून सोकोरो दचकली, पण तो हसत होता. "नीना," तो म्हणाला, "माझी बायकोही हेच करते. आमच्या घरी मी खिडकीला खिळा मारलाय."

"मग माझ्या खिडकीला का नाही मारलास, गाढवा?"

"तुमच्या खिडकीला? मला जीव प्यारा आहे."

चानोला हसता हसता खोकला लागला. सोकोरोने पाठ चोळली, नळी नीट बसवली. तो सावरला आणि लगेच बाहेर बोट दाखवून बोळातून जाणाऱ्या कुणाच्या तरी टोपीला नावं ठेवायला लागला. ग्रीसेल्दा खिडकीशीच उभी होती, हात पडद्यामागे. ती बापाकडे बघत राहिली. मागच्या उन्हाळ्यात याच महिन्यात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

तिने खिडकी लावली आणि खिटी घातली.

"ठीक आहे, आई," ती म्हणाली. "राहा इथेच. मालकाला नाही म्हणून कळवते."

"बस जेवायला," सोकोरो म्हणाली.

बाहेर कानेलो थोडा वेळ वाट बघत पडून राहिला. मग उठून त्याने काचेला नाक लावलं आणि आत बघायला लागला.

"आता त्याचं कसं होणार?" चानो म्हणाला. "त्याला सवय लागली होती."

"ग्रीसेल्दा नेईल त्याला टूसॉनला," सूप वाढत सोकोरो म्हणाली. "सातवा मजला, लिफ्ट आहे, समोर हॉस्पिटल आहे."