सदतिसाव्या दिवशी

साप मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. वर्नशी एकोणतीस वर्षं संसार केला, त्यातली वीस वर्षं आमच्या तळघरात साप होते, तरी एकालाही मी कधी प्रेमाने हात लावला नाही. पाणी बदललं, उंदीर आणून दिले, वर्न कारखान्यात असताना काचपेट्यांचे दिवे बघितले. ते सगळं वर्नसाठी. सापांसाठी नव्हे.

त्याची लाडकी जोडी म्हणजे डचेस आणि बिस्किट. आफ्रिकेतले ते बुटके, लाजाळू अजगर. नऊ वर्षांपूर्वी कोलंबस शहरातल्या सापांच्या जत्रेत एका म्हाताऱ्याने वर्नच्या गळ्यात मारले. दोन्ही तपकिरी, रस्त्यावरच्या चिखलाच्या रंगाचे. पण म्हातारा म्हणाला, "वरून तपकिरी, रक्तात पांढरं आहे. यांची जोडी लागली की चारांतलं एखादं पिल्लू पांढरं-पिवळं निघेल, गुलाबी डोळ्यांचं." कागद नाही, पुरावा नाही. वर्नने विश्वास ठेवला, झालं.

आमच्या ओहायोतल्या सापवाल्यांचा कट्टा महिन्यातून एकदा पॅनकेकच्या हॉटेलात भरतो. तिथे ऑर्विल दर वेळी सुरू व्हायचा. "काय वर्न, पांढऱ्याचं बारसं कधी? अरे, म्हाताऱ्याने टोपी घातली तुला. तपकिरीला तपकिरीच होणार." सगळे खो खो हसायचे. वर्नही हसायचा आणि घरी येताना गाडीत एक शब्द बोलायचा नाही. डचेस मोठी व्हायला चार वर्षं गेली, पुढचे चार हिवाळे ती बिस्किटाकडे ढुंकून बघेना. नववा हिवाळा आला तेव्हा एकदाची जोडी लागली आणि त्याच हिवाळ्यात वर्नच्या पोटात कॅन्सर निघाला.

एप्रिलमध्ये डचेसने सहा अंडी घातली. एक पिवळं, चिपाड निघालं, ते फेकलं. उरली पाच. वर्नला जिना उतरवत नव्हता. तो वरच्या पायरीवर बसून सांगत होता आणि मी खाली डचेसचं वेटोळं सोडवत होते, शिव्या घालत. "पेन्सिलीने प्रत्येकावर वरच्या बाजूला ठिपका दे. ठिपका वरच राहिला पाहिजे, जोलीन. अंडं उलटलं की आतलं गुदमरतं. कोंबडीचं अंडं नव्हे ते." पाचही अंडी ओलसर चुऱ्यात बसवली, डबा जुन्या फ्रिजमध्ये ठेवला. त्या फ्रिजमध्ये वर्नने गारव्याऐवजी गरम करायची तार बसवली होती. रोज सकाळी मी खाली जाऊन फॅरनहाइटचा काटा बघायची आणि वर येऊन सांगायची, "एकोणनव्वद." तो पडल्या पडल्या मान हलवायचा. पिल्लं बाहेर यायला अठ्ठावन्न दिवस लागतात, साधारण. एवढंच त्याला हवं होतं. पांढरं निघतं का, ते बघायचं होतं. औषधं त्याने केव्हाच सोडली होती, मोजणी सोडली नव्हती.

छत्तिसाव्या दिवशी तो उठलाच नाही. इमोजीन नावाची नर्स घरी यायची, शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांची देखभाल करणारी. तिने त्याचे पाय चाचपले आणि मला स्वयंपाकघरात नेलं. "पाय गार पडलेत. दोन दिवस, फार तर तीन. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

कुणाला बोलावणार? मूलबाळ नाही. त्याला ज्यांना भेटायचं होतं ती खाली डब्यात होती, आणि त्यांना यायला बावीस दिवस होते.

सापवाल्यांची एक रीत आहे. पिल्लं बाहेर यायच्या दोन-चार दिवस आधी काहीजण नखाच्या कात्रीने अंड्याला खिडकी पाडतात, रंग बघायला. वर्नला ते मुळीच पटायचं नाही. "पिल्लाच्या तोंडावर देवाने अंडं फाडायला दात दिलाय. आपल्याला कसली मेली घाई?" पण ऑर्विल कापायचा. दुसऱ्या सकाळी मी त्याला फोन लावला.

"सदतिसाव्या दिवशी?" तो ओरडलाच. "डोकं फिरलंय का तुझं? पन्नासच्या आत हात लावायचा नसतो. वर्नला विचार."

"वर्न बोलत असता तर तुला विचारलं असतं का मी, गाढवा!" म्हणून मी फोन आपटला.

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी अंडी कापली. कात्री उकळून घेतली होती, जशी काही त्याने फार मोठी खबरदारी होणार होती. पहिल्या अंड्यात शीर तुटली. पांढऱ्यावर लाल पसरत गेलं, थांबेना. पिल्लू बोटाएवढं, रंग अजून चढलेला नव्हता, पण डोळे दिसले. काळे. काळे म्हणजे तपकिरी, एवढं वीस वर्षांत मलाही कळत होतं. दुसऱ्यात काळे. तिसऱ्यात काळे. चौथ्यात मी भोक जरा मोठंच पाडलं, आणि आत दोन डोळे होते, डाळिंबाच्या दाण्यासारखे. म्हातारा खरं बोलला होता. नऊ वर्षं माझा नवरा बरोबर होता आणि ऑर्विल, कट्टा, मीसुद्धा, सगळे चुकलो होतो.

आता पाचवं कापायची काही गरजच नव्हती. तरी कापलं. हात थांबेना.

डबा घेऊन मी त्याच्या पलंगाकडे धावले. "वर्न, बघ ना रे! आहे! पांढरं आहे!" त्याचं डोकं उचललं, गालावर थापट्या मारल्या, पापणी बोटाने उघडली. बुबुळ वर गेलेलं. डबा त्याच्या छातीवर ठेवून मी तासभर बसले. मग डबा खाली नेऊन फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचे ओठ ओले करत होते, तेव्हा त्याने डोळे उघडले. "भूक लागलीय," म्हणाला. "आज अडतिसावा ना? किती आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकोणनव्वद."

इमोजीन म्हणाली, होतं असं कधीकधी, माणूस परत येतो, किती दिवसांसाठी ते सांगता येत नाही. वर्नने सफरचंदाची खीर खाल्ली. आठवडाभरात उशीला टेकून बसायला लागला. आणि त्याच आठवड्यात पाचही अंडी गेली, एकामागून एक. पांढरं सगळ्यांत शेवटी. मी त्यांना लायलॅकच्या झुडपाखाली पुरलं. देवाला मी त्या वेळी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. नवरा परत दिला म्हणून आभार मानायचे की काय, मला कळेना.

त्यानंतर रोज सकाळी मी खाली जायची, रिकाम्या फ्रिजसमोर उभी राहायची आणि वर येऊन "एकोणनव्वद" म्हणायची. ऑर्विलचा फोन आला की वर्न झोपलाय म्हणून ठेवून द्यायची. अठ्ठावन्नाव्या दिवशी वर्नने विचारलं, "तोंडं काढली का बाहेर?" म्हटलं, नाही अजून. एकोणसाठाव्याला पुन्हा तेच. साठाव्याला तो म्हणाला, "डबा वर आण. मला बघू दे, काहीतरी बिघडलंय."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. कापली. सदतिसाव्याला. तू चाललास असं वाटलं म्हणून कापली. सगळी गेली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.  त्याने हळूच विचारलं, "पांढरं होतं का त्यात?"

मला वाटलं, होतं म्हटलं तर याच्या काळजाला आणखी एक घर पडेल. पांढरं होतं आणि मीच ते मारलं. म्हटलं, "नव्हतं. पाचही काळ्या डोळ्यांची."

"वाटलंच होतं मला." त्याने डोळे मिटले. "टोपीच घातली त्याने. नऊ वर्षं, जोलीन. ऑर्विल सांगत होता, मी ऐकलं नाही. मूर्खच मी."

तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याला वाचवायला नव्हे, उगाच खोटं कशाला बोलू? तो माझ्याकडे कसा बघेल, त्याला भ्याले. म्हटलं, उद्या सांगते. सकाळी कॉफी झाली की सांगते.

सकाळी तो उठला नाही. पाय पुन्हा गार. या वेळी इमोजीनने दिवस सांगितले नाहीत. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगत बसले: होतं रे वर्न, चौथ्यात होतं, लाल डोळ्यांचं, तू मूर्ख नव्हतास. दुपारपर्यंत तेच तेच. माझा घसा बसला. इमोजीनने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बोलत राहा. ऐकू येणं सर्वांत शेवटी जातं."

"नक्की?"

तिने चादर सारखी केली. "असं म्हणतात," ती म्हणाली.