चिमूटभर मोरचूद

“बाई, जंतच हाय ह्यो! मेंढराच्या पोटातलं असलं ढिगानं बघितल्यात मी,” काचेला नाक लावून धुळाप्पा म्हणाला.

“मेंढराच्या जंताला कडेनं असे केस असतात का? नीट बघा,” प्राणिशास्त्राच्या दाक्षायणीबाई हसल्या. टाकीतल्या दगडातून वीतभर तांबूस, केसाळ काहीतरी डोकावलं आणि परत बिळात गेलं.

सोलापुरात समुद्र नाही, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र तो होता, रत्नागिरीहून एस.टी.च्या टपावर, दुधाच्या कॅनांत बसून आलेला. निम्मं सोलापूर त्याची चव बघून थुंकून गेलं होतं. त्याचा राखणदार मेंढक्याचा लेक धुळाप्पा. बाहत्तरच्या दुष्काळात आटलेल्या टाकीत मीठ मागं उरतं म्हणून त्यानं घरच्या घागरीतलं गोडं पाणी ओतलं, तेव्हा बायको तानाबाई कडाडली होती, “फुलं म्हणं! डोस्क्यात माळाय तरी येत्यात का?” दगडाला चिकटलेली, पाकळ्यांनी भक्ष्य धरणारी ती तीन जिवंत समुद्रफुलं धुळाप्पा रोज बघायचा, बापानं कोकरं बघावीत तशी.

बाईंनी तसला एक किडा स्पिरिटमध्ये घालून ओळख पटवायला मुंबईला पाठवला. “पत्र येईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या.

पंधरा दिवस गेले. एक फूल मिटलं ते उघडेना. दुसरं आक्रसलं. रविवारी दुपारी धुळाप्पाचा धीर सुटला. जंत झालेल्या मेंढरांना बाप पाजायचा, तेच त्यानं काढलं. मोरचुदाचा निळा खडा कुटला आणि चिमूटभर पाण्यात सोडला.

सोमवारी किडे दगडाबाहेर मरून पडले होते. टाकीतले खेकडेही. तिन्ही फुलांचा चिकट लगदा झाला होता.

बुधवारी पत्र आलं. किडा निरुपद्रवी, कुजकं खाऊन टाकी साफ ठेवतो.

“आता काय उपयोग!” बाई म्हणाल्या. “रविवारी लाईट गेली असेल. हवेचा पंप बंद पडला, दुसरं काय?”

धुळाप्पानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“लाईट न्हाय गेली, बाई. मोरचूद घातला मी. मेंढरास्नी देत्यात तसा.”

बाईंनी कपाटातून एक रिकामी बाटली काढली. मग म्हणाल्या, “एक किडा काढून द्या.”

त्यांनी तो बाटलीत घातला. चिठ्ठीवर जातीचं लांबलचक नाव लिहिलं आणि खाली, नियमाप्रमाणे, गोळा करणाऱ्याचं: धुळाप्पा.

कपाटातल्या नमुन्यांच्या दोनशे बाटल्या धुळाप्पा दर शनिवारी पुसतो. एकशे नव्याण्णव बाटल्यांची चिठ्ठी पुढं असते.