ऑटो बंद ठेवा

"तुझी ती सूर्याची लाईट कधी येनार गं?" आप्पांनी नाकातली नळी सावरत विचारलं.

दर सुट्टीला वडिलांचा हा प्रश्न ठरलेला. मी गुजरातेत फ्यूजनच्या प्रयोगशाळेत काम करते. सूर्याच्या पोटात जे चालतं ते आम्ही चुंबकांच्या जोरावर एका बंद भांड्यात घडवू पाहतो. ना कोळसा, ना धूर. एरवी मी थट्टेवारी नेते. या वेळी खरं ते सांगितलं, "आप्पा, अजून घातलेली वीजसुद्धा परत मिळत नाही. वीस-तीस वर्षं तरी लागतील."

"मग मला काय ती घावत न्हाई," असं म्हणून ते हसले. हसल्यावर त्यांना धाप लागली.

आप्पांची फुप्फुसं निकामी होत आलीत. घरातलं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, आणि काष्टीच्या शिवारातल्या आमच्या वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, मागच्या आठवड्यात जळाली. घरं आणि विहिरींवरच्या मोटरी, सगळं त्या एकाच डीपीवर. तेव्हापासून आप्पा सिलिंडरवर होते. आता शेवटचा लावला होता आणि माझा भाऊ करण दुसरा आणायला नगरला गेला होता.

दुपारी नवी डीपी बसली, लाईट तासाभरानं सोडणार होते. "ऑटो बंद ठेवा, न्हाईतर हीबी जाईल," वायरमन बजावून गेला. ऑटो म्हणजे मोटरच्या पेटीतली कळ. ती लावून ठेवली की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. सगळ्यांचेच ऑटो लावलेले होते म्हणून तर एकदम भार येऊन आधीची डीपी उडाली होती.

मी तणतणत वस्तीभर फिरले. प्रत्येकाची पेटी उघडायला लावली. गोरक्षनाथकाकांना तर हातच जोडले.

"अगं, आप्पासायबापरीस ऊस मोठा हाय का?" असं म्हणत त्यांनी माझ्यासमोर कळ खाली केली.

आमची पेटी तेवढी बघितली नाही. आपल्याच घरात काय बघायचं?

लाईट आली. मशीन घरघरलं, आईनं देवाला हात जोडले. मी सिलिंडर बंद करून नळी मशीनला लावली. तेवढ्यात विहिरींकडून मोटरींचा आवाज आला, एक नाही, सगळ्यांचाच. बल्ब पिवळा पडला. रस्त्याकडच्या डीपीवर धाडकन वाजलं आणि मशीन बंद पडलं.

कुणावर ओरडावं तेच कळेना. घाईघाईनं पुन्हा सिलिंडर जोडला. उरलेल्या ऑक्सिजनचा काटा लाल पट्ट्यात होता.

"आई, आपला ऑटो बंद होता ना?"

आई आप्पांकडे बघायला लागली.

"मीच लावाय सांगितला," आप्पा म्हणाले. "ऊस पार वाळून चाललाय गं. म्हनलं, बाकीच्यांचे बंद हायेत, आपल्या एका मोटरीनं काय हुतंय?"

माझी पाठ फिरल्यावर वस्तीतला प्रत्येक जण हेच म्हणाला असणार. मला रागवताही येईना. करणला फोन लावला, तर तो अजून नगरमध्येच रांगेत उभा होता.

कोट्यवधी अंशांचा वायू भिंतीला टेकू न देता कसा धरून ठेवायचा, एवढं मला येतं. आप्पांचा हात हातात घेतला, तर तो गार लागला.

"येईल का गं लाईट?" त्यांनी विचारलं.

"येईल आता," मी म्हणाले, आणि काटा त्यांना दिसू नये म्हणून सिलिंडरच्या पुढ्यात सरकून बसले.