मापाची बायको

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं, आणि भोगलं माझ्या धाकट्या बहिणीने.

आमचं दुकान बायकांचे उंची कपडे शिवणारं. पुढच्या खोलीत आरसा, सोफा आणि गिऱ्हाईक. मागच्या खोलीत आम्ही. तीन मशिनी, कापायचं टेबल, वाफेची इस्त्री, आणि बारा महिने नाकात बसणारा कापडाचा भुसा. मी काज करते, बटणं लावते, तुरपाई करते. बावीस वर्षं झाली. कापायचं काम मास्तरांचं. त्यांच्यासारखी कात्री चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करते.

मास्तर तेव्हा चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे, दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचे. नाकासमोर चालणारा माणूस. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. टेपकडे बघून आकडे मोठ्याने सांगायचे आणि मी पडद्याशेजारी उभी राहून वहीत उतरवायची. एके दिवशी टेकडीवरच्या बंगल्यातल्या बाईसाहेब आल्या. छाती चौतीस, कंबर सव्वीस, सीट छत्तीस. मास्तरांनी कंबर तीनदा मोजली. तिन्ही वेळा सव्वीसच म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना घसा साफ करावा लागला. बाईसाहेब फोनवर कुणाशी तरी पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होत्या. त्यांच्या लेखी कमरेभोवती टेप फिरत होती, तिच्या मागे माणूस नव्हता.

त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. कापड घेऊन ड्रायव्हर यायचा आणि शिवलेलं घेऊन ड्रायव्हरच जायचा. पण उंची कापडाला ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई घालायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवायचा, खडूने खुणा करायच्या, उसवायचा, पुन्हा जोडायचा. लाकडी पुतळ्यावर ते जमत नाही. पुतळा वाकत नाही, बसत नाही, श्वास घेत नाही. मास्तर दोन दिवस त्या रेशमापुढे हात बांधून बसले. तेव्हा मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "मास्तर, माझ्या बहिणीचं माप हेच आहे. अर्धा इंच इकडेतिकडे नाही. तिचे कपडे मीच शिवते ना."

आई गेल्यावर तिला मीच वाढवली. अंगाने बारीक म्हणून सगळे तिला काडी म्हणायचे. तेवीस वर्षांची, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात डिंक लावायची. बोटं कायम चिकट आणि नखं पिवळी. जाता-येता नाक्यावरच्या हॉटेलातल्या एखाद्या वेटरने शीळ घातली असेल नसेल, एवढाच तिचा पुरुषांशी संबंध. तिला पुढच्या खोलीत आरशासमोर उभी केली आणि बाईसाहेबांचा राखाडी रेशमी झगा चढवला. मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरले. मग मागे सरले आणि आरशात बघत राहिले. तोंडातल्या टाचण्या काढायच्याही विसरले.

ते गळ्याच्या खाली बघत होते. मला दिसलं. काडीला नाही दिसलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आमच्या बयेने आरशातच पाहिलं आणि तिथेच फसली.

सहा ट्रायली झाल्या आणि मास्तरांनी मला विचारलं, "तुमची हरकत नसेल तर..." हरकत? मी आनंदाने रडले. बहीण डिंकातून सुटली, डोक्यावर छप्पर आलं, नवरा निर्व्यसनी. वर आणखी काय हवं होतं आमच्यासारख्यांना? नोंदणी करून लग्न झालं. लग्नानंतरही ती त्यांना मास्तरच म्हणायची. आम्ही त्यावरून तिची टर उडवायचो, तीही हसायची.

वर्षभराने एका दुपारी अस्तराची तुरपाई करता करता ती मला म्हणाली, "ताई, ते वाईट नाहीत गं. पण बाईसाहेबांचं काही अर्धवट शिवलेलं असलं की ते वर आणतात आणि मला घालायला लावतात. त्या संध्याकाळी माझ्याशी असं बोलतात, असं बोलतात... आणि कपडा ड्रायव्हर घेऊन गेला की संपलं. मग मी त्यांना दिसतच नाही."

माझ्या बोटात सुई गेली. मी म्हटलं, "चल, माझ्याकडे राहायला चल."

"तुझ्याकडे आले तर मला कोण बघेल?" ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग तिला मुलगी झाली. दोन महिन्यांनी बंगल्यावरून हिरवं लोकरी कापड आलं, कोटाचं; पुढच्या थंडीत हवा होता, घाई नव्हती. मास्तरांनी काडीच्या कमरेभोवती टेप घातली, "तीस" म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून लाकडी पुतळा काढला, त्याला कापूस बांधला आणि कोट त्याच्यावर चढवला. झोपायलाही ते खाली दुकानात येऊ लागले.

त्या दिवसापासून काडीने खाणं सोडलं. सकाळी कोरा चहा, दुपारी पावाचा तुकडा, संध्याकाळी कोमट पाणी. महिन्याभरात तिचं दूध आटलं. दवाखान्यातल्या नर्सने फैलावर घेतलं तेव्हा मी बाजूलाच होते. पोर डब्यातल्या दुधावर आली. काडीची मनगटं अशी की पकडायला भीती वाटावी. मी काडीला शिव्या दिल्या, हातापाया पडले, एकदा तर थोबाडीत मारली. ती म्हणाली, "दोनच इंच राहिलेत, ताई."

शेवटी मी मास्तरांनाच गाठलं. ते खडूला धार लावत होते.

"मास्तर, ती तुमची बायको आहे की पुतळा?"

"मी काय कमी केलंय तिला?"

"ती मरेल. आणि ज्या बाईपायी हे चाललंय तिला तुमचं तोंडसुद्धा आठवत नसेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, मास्तर."

त्यांनी खडूवरून ब्लेड फिरवलं. मग म्हणाले, "मलाही त्यांचं तोंड आठवत नाही. खरंच नाही. कापड कसं बसलं होतं तेवढं आठवतं." आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला त्यांचीही दया आली. दया आली याचा मला अजून राग येतो.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा काडीची कंबर सव्वीसवर आली. मास्तरांनी त्याच दिवशी पुतळ्यावरून कोट उतरवून तिला घातला. बघणं तेच, गळ्याखालचं. पण हाताने तिची कॉलर सारखी केली, आणि काडी एवढ्या मोठ्याने हसली की मशीनवाल्यांनी पाय थांबवले. गालांची हाडं वर आली होती. त्या आठवड्यात मास्तर वर झोपले.

कोट गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. ड्रायव्हरने तो टेबलावर टाकला. "होत नाही म्हणे. बटणंच लागत नाहीत."

"होत नाही कसा?" मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "माप तेच आहे."

"माप कुठलं तेच राहतंय, मास्तर! बाईसाहेब म्हणाल्या, आता कोण जीव मारत बसणार. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस लिहून घ्या. आणि पुढे लागलं तर उसवता यावं म्हणून आत माया जास्त ठेवा."

बस्स. एका वाक्यात बाईंनी सव्वीस सोडून दिलं. त्यांना ते सोडता येत होतं. मी वही काढली, जुना आकडा खोडला, नवा लिहिला, आणि मान वर केली तर मास्तर दाराशी उभ्या असलेल्या काडीकडे बघत होते. कापड कमी पडलं की बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारात गेले. लोणी, अंडी, केळी, साय असलेलं दूध. मी मनात म्हटलं, कशासाठी का होईना, पोरगी खाईल तरी. चारपाच दिवसांनी दुपारी मी वर गेले. काडी पलंगावर ताटली घेऊन बसली होती, मुलगी शेजारी झोपलेली. काडीचे डोळे चमकत होते.

"ताई, आज त्यांनी मला हाताने भरवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

तिने एक अंडं खाल्लं, अर्धं केळं खाल्लं, मग घाईने उठून मोरीत गेली. मला सगळं ऐकू आलं. ती चूळ भरून परत आली आणि पुन्हा ताटलीपुढे बसली.

"किती दिवस असं होतंय?"

"रोज. हळूहळू टिकेल गं. पोटाला सवय राहिली नाही ना." तिने परकर नीट केला आणि माझ्यापुढे उभी राहिली. "तू माप घे. मास्तरांनी घ्यायच्या आधी मला कळू दे."

मी टेप घातली. पावणेसव्वीस. लोण्या-अंड्यांच्या पाच दिवसांनंतर ती आणखी उतरली होती. टेपखाली तिची कातडी गरम लागत होती, आणि आत काहीतरी भराभर धडधडत होतं. ती मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सव्वासव्वीस," मी म्हटलं.

तिने टाळी वाजवली, पोर दचकली. मग ती खाली बसली, पावाला बोटभर लोणी फासलं आणि तोंडात कोंबलं. जिन्याखालून मास्तरांचा आवाज आला, "खातेयस ना?"

"खातेय, मास्तर!" काडी भरल्या तोंडाने ओरडली. तिचा इतका सुखी आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.