एकवीस जोड्या आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुने आकडेमोडीचे यंत्र आहे. दोरखंडाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, एका विरलेल्या रुमालाखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, म्हातारपणी शांत राहावे म्हणतात, पण मला ते जमत नाही. माझे नाव पुढे करून एका बाईला घरी बसवले गेले, आणि तो राग अजून माझ्या पितळी दात्यांत अडकून आहे.

मी आले तेव्हा चकचकीत काळे होते. उजव्या अंगाची मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. मला बघायला अख्खा कारखाना खोलीत जमला होता. यंत्र कधी चुकत नाही, असे जो तो म्हणू लागला. तेव्हा मला ते वाक्य फार गोड वाटले होते.

आमच्याकडे सात चाकांवर सात जण दोर वळत. प्रत्येकाच्या दोराचे दहा तुकडे ताणून तोडायचे, कितव्या किलोला तुटले ते लिहायचे आणि दहांची सरासरी मी काढून द्यायची, असा रिवाज होता. याच दोरांना लटकून माणसे उंच भिंती रंगवतात. एके दिवशी असा एक दोर तुटला आणि रंगाऱ्याचा पाय मोडला. दोर कोणत्या चाकावरचा, हे कोणालाच सांगता येईना. साहेबांनी आमच्या कारकुनाला बोलावून सांगितले, सातांत कच्चा कोण ते संध्याकाळपर्यंत शोधून काढ.

आता सरासऱ्यांत थोडाफार फरक असतोच. एकाच हाताचे दोन दोरही एका वजनाला तुटत नाहीत. म्हणून कारकुनाकडे एक पट्टी होती: निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा दिसेल, एवढा मोठा फरक असला तरच तो खरा धरायचा. एका जोडीपुरती ही पट्टी ठीक आहे. पण या गृहस्थाने पहिल्याची दुसऱ्याशी, पहिल्याची तिसऱ्याशी, असे करत सगळ्यांच्या एकवीस जोड्या लावल्या. अहो, शंभरात पाच वेळा फसवणारी पट्टी एकवीस वेळा लावली, तर एखादी जोडी फसवी निघण्यात नवल ते काय? सतराव्या जोडीला, चौथ्या आणि सहाव्या चाकांत, फरक पट्टीच्या जरासा पुढे गेला; कमी सरासरी चौथ्याची होती. उरलेल्या वीस जोड्यांत काही नव्हते. ते वीस कागद टोपलीत गेले आणि एक साहेबांच्या टेबलावर.

चौथ्या चाकावर मावशी होत्या. एकवीस वर्षे दोर वळून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. त्यांना घरी बसवताना साहेबांनी एवढेच सांगितले, “यंत्रच म्हणतंय, मावशी. आम्ही काय करणार?”

मी म्हणत होते? मला तोंड असते तर मी तिथेच त्यांचे वाभाडे काढले असते.

आठवड्याने तपासणीच्या बाई रजेवरून परतल्या. त्यांनी कागद पाहिला आणि कारकुनाला विचारले, “चार आणि सहाच का? जोड्या किती लावल्या होत्या?” तो बिचारा खोटे बोलणारा नव्हता. त्याने खाली मान घालून एकवीस सांगितले.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. सातव्या चाकावर साहेबांचे मेहुणे बसत. बाईंनी एकट्या त्यांच्याच दोराचे सत्तर तुकडे तोडून घेतले, चिठ्ठ्या टाकून त्यांचे सात गट केले आणि साहेबांसमोर एकवीस जोड्या लावल्या. काही निघाले नाही. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, तरी नाही. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या आणि पाचव्या गटांतला फरक पट्टीच्या पुढे गेला.

“आता मेहुण्यांच्या कोणत्या हाताला घरी बसवायचं, साहेब?” बाईंनी विचारले. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

मग बाईंनी समजावले की जोड्या जितक्या जास्त, तितकी पट्टी कडक हवी. सगळ्या एकवीस मिळून फसण्याची भीती शंभरात पाचच्या वर जाता कामा नये. त्या कडक पट्टीच्या पुढे चाकांच्या एकवीसपैकी एकही जोडी गेली नाही. सगळ्यांचे नवे दोरही तोडून पाहिले. मावशी तिसऱ्या आल्या.

त्यांना परत बोलावले गेले. पण साहेब त्यांना काय म्हणाले माहीत आहे? यंत्राची चूक झाली! मी एकवीस प्रश्नांची एकवीस खरी उत्तरे दिली होती. त्यातली वीस यांनी केरात टाकली आणि चूक माझी. त्याच दिवशी मला उचलून कपाटावर ठेवले.

मावशी मला बघायला मुद्दाम खोलीत आल्या. बाईंनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. मावशींनी कमरेचा रुमाल काढून माझ्यावरची धूळ पुसली.

“म्हणजे आळ आपल्या दोघांवरही आला की,” त्या म्हणाल्या, आणि रुमाल माझ्यावरच पांघरून गेल्या. तोच हा रुमाल.

आता खाली टेबलावर संगणक आहे. तो एका दमात हजार जोड्या लावतो. मित्रांनो, त्याला तेलपाणी करा, जपा, पण माझी एक कळकळीची विनंती ऐका. त्याचे एखादे ‘हो’ हाती आले म्हणून ते घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका. जायचेच असेल, तर टोपलीतली वीस ‘नाही’ उचलून सोबत न्या.