बारसं बाकी

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं सोमेश म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. खोटं बोलायला आधी काही माहीत असावं लागतं. मी ताहेर, लातूरच्या एका कचेरीत तीस वर्षं जुनी कागदपत्रं सांभाळतोय. सोमेश आमचा ऑपरेटर. हुशार आहे, पण स्क्रीनवर नाही ते जगातच नाही असं मानणारा.

समोर मंजुश्री उभी होती. क्लासच्या होस्टेलवर तीन वर्षं राहून तिनं भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून नोकरीची परीक्षा पास केली होती. सोमवारपर्यंत दाखला दिला नाही तर जागा जाणार. आणि आमच्या कॉम्प्युटरातल्या यादीत तिचं नावच नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आई रुद्राणी आणि वडील शिवप्पा दोघंही घराखाली गेले. ही नऊ दिवसांची, पाळण्यासकट निघाली. मावशी शांतम्मानं उदगीरला नेऊन वाढवली.

पोरीचे डोळे भरलेले पाहून सोमेश विरघळला. हळूच म्हणाला, "चाचा, एक ओळ टाकून देतो. कुणाला कळणार न्हाई."

"हाव, कळणार न्हाई. तेच तर वाईट हाय. आज तू खरी टाकशील, उद्या कुणी खोटी टाकंल. मग हिच्या दाखल्याला तरी कोण विचारतंय?"

तिच्या गावचं लाल फडक्यातलं गाठोडं मी खाली काढलं. स्कॅन झालं म्हणून ते रद्दीत घालायचा कागद वर्षभर माझ्या टेबलावर पडून होता. मी सही टाळत होतो, शिव्याही खात होतो. तलाठी किशनरावांच्या हातची यादी निघाली. रुद्राणीच्या घराच्या नोंदीत लिहिलं होतं: मुलगी, वय नऊ दिवस, बारसं बाकी.

सोमेशनं ती ओळ स्क्रीनवर शोधली, तिथं ती नव्हतीच. नावाचा रकाना रिकामा असला की त्याचा प्रोग्रॅम ओळ घेतच नव्हता, म्हणून टाइप करणाऱ्यांनी अशा ओळी सरळ सोडून दिल्या होत्या. बाराव्या दिवसापर्यंत लेकराला नाव नसतं, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

पण बिननावाची मुलगी हीच, कशावरून? मी पान उलटलं. त्याच दोऱ्यात छावणीतल्या दूध पावडरीच्या वाटपाची यादी ओवलेली होती, अक्षर तेच. कॉम्प्युटरात ती 'किरकोळ' म्हणून भलतीकडेच गेली होती. किशनरावांनी मात्र ती मुद्दाम इथं ओवली होती. त्यांनी लिहिलं होतं: 'रुद्राणी शिवप्पा, मयत, यांची मुलगी. आज पत्र्याच्या शेडमध्ये बारसं झालं. नाव मंजुश्री. पाळणा म्हणायला बाया एक्केचाळीस.' खाली शांतम्माचा अंगठा.

दोरा न तोडता मी गाठोडं तसंच साहेबांपुढं नेलं. दोन्ही पानं पाहून त्यांनी दाखल्यावर सही केली. सोमेशनं मग अख्खं गाठोडं पानांच्या क्रमानं पुन्हा स्कॅन केलं. अशी आणखी अकरा लेकरं निघाली. रद्दीचा कागद मी त्याच्यासमोरच फाडला.

दाखला हातात आला तरी मंजुश्री जाईना. तिनं बारशाचं ते पान पुन्हा मागितलं. त्या छावणीत रडं नाही असं एकही घर नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"मावशी त्या दिवसांचं कधी बोललीच न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्या रडारडीत माझं बारसं कुणी केलंच नसंल."

मग एक्केचाळीस या आकड्यावर तिनं बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही.