झाकणावरचे भोक

मी एक जुने बोंडले आहे, आणि मित्रांनो, मी फार चिडलेले आहे. तान्ह्या बाळांना दूध पाजायचे चोचीचे भांडे म्हणजे मी. भांड्याने कशाला रागवायचे, असे तुम्हाला वाटेल. आधी ऐका तरी.

निजामाच्या याच राजवटीत, काही वर्षांपूर्वी, केदारखेड्याची साळूबाई आपली तान्ही मुलगी घेऊन जालन्याच्या दवाखान्यात आली. मुलीच्या तोंडातली टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. तिला दूध ओढता येईना, आणि चमच्याने पाजले तर ते नाकातून बाहेर येई. "गिऱ्हाणात इळीवर बसली असंल," असे म्हणून गावच्या बायकांनी गरोदरपणी ग्रहणात विळी वापरल्याचा साळूबाईलाच बोल लावला होता.

"तुमचा कसूर बिलकुल न्हाई, बाई," डॉक्टर फकरोद्दीन म्हणाले. "दूध पोचायला रस्ता पाहिजे, बस."

तो रस्ता म्हणजे मी. भुजंग तांबटाने आधी माझी चोच लांब केली, तर दूध भसकन आले आणि मुलीला ठसका लागला. चोच बारीक केली, तरी धार आवरेना. शेवटी डॉक्टरांनी घट्ट झाकण बसवून त्याला एक भोक पाडायला सांगितले. भोकावर अंगठा ठेवला की धार थांबते, उचलला की आत हवा शिरून पुन्हा सुरू होते. साळूबाईने मुलीला उभे धरून घोट घोट पाजले. मुलगी जगली आणि बाळसे धरू लागली. डॉक्टरांनी मला साळूबाईलाच देऊन टाकले.

पुढे डॉक्टरांची बदली झाली आणि भांड्यांचे व्यापारी रामराव यांनी माझा नमुना उचलला. भुजंगाकडून ढीगभर बोंडली घडवून घेतली, चकाकी आणली, 'शाही बोंडले' असे नाव दिले. इथवर ठीक होते. पण माझे भोक त्यांच्या डोळ्यांत खुपले.

"शेठ, त्याच्याबिगर दूध यायचं न्हाई," भुजंग म्हणाला.

"फुटकं भांडं बारशाला कोण नेईन? बुजव जल्दी."

आणि भुजंगाने बुजवले. त्याचाही मला राग आहे.

पिंपळगाव रेणुकाईच्या मैमूनाचे बाळ तशीच टाळू घेऊन जन्मले. माझे नाव ऐकून तिने मोठ्या आशेने शाही बोंडले आणवले. चोचीतून एखादा थेंब पडे आणि थांबे. बाळच पीत नाही, असे सगळे म्हणाले. साळूबाईला हे कळले तशी ती मला पदराखाली घेऊन धावत निघाली. आम्ही पोचलो तेव्हा पाळणा रिकामा होता.

"साळूबाई, मेरेसे कुछ चुक्या क्या?" मैमूना विचारत होती.

साळूबाईने ते चकचकीत झाकण चाचपले. "तुझं न्हाई चुकलं, माय. भोक बुजवलंय."

ती तडक रामरावांच्या दुकानात गेली आणि काय घडले ते सांगितले. रामरावांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पुढच्या खेपंला बघू. हा माल तर खपू द्या."

एक बाळ गेले होते, मित्रांनो, आणि त्यांना माल खपवायचा होता. माझा जीव नुसता जळत होता.

आता दर बाजारी साळूबाई त्याच दुकानासमोर खिळा आणि दगड घेऊन बसते. शाही बोंडले घेऊन निघालेल्या माणसाला हाक मारते, "द्या इकडं, भोक पाडून देते." लोक तिला वेडी म्हणतात आणि नवे भांडे छातीशी धरून लांबून जातात.

तुम्ही तसे करू नका. तुमच्या घरी असे बोंडले आले, तर तिच्यापुढे ठेवा. भांडे थोडे विद्रूप दिसेल. दिसू द्या. बाळ दूध पिईल.